जलपऱ्या आणि व्हीटस्टन ब्रिज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारं शाळेचं पत्र आलं आणि मला अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या बाई आठवल्या. व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे विजेला होणारा अडथळा (रोध) मोजायची जोडणी, शिकवायच्या दिवशी त्या दोन जुन्या व्यंगचित्रांच्या झेरॉक्स घेऊन वर्गात आल्या होत्या.

दोन्ही चित्रं लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकातली. पहिलं 1850चं. इंग्लंड आणि फ्रान्सदरम्यान समुद्राखालून टेलिग्राफची तार टाकली गेली, त्या वेळचं. तळाशी पसरलेल्या तारेवरून शांतिदेवता धावत निघाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या लढलेले देश आता एकमेकांशी बोलतील, ही केवढी आशा! ती तार मात्र दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकली नाही. तांब्यावर नुसतं गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचं, वेष्टण होतं. लोखंडी कवच घातलेली तार 1851 साली टाकली, ती चालली.

दुसरं चित्र ऑगस्ट 1865चं, आणि माझ्या मनात घर करून बसलं ते हेच. समुद्रदेव नेपच्यून जलपऱ्यांवर ओरडतोय: उतरा त्या केबलवरून, मागची अशीच गेली! वर्ग खळखळून हसला. बाईंनी हसू दिलं आणि मग विचारलं, “मागची कशानं गेली?”

मागची म्हणजे 1858ची, अटलांटिक ओलांडून आयर्लंड ते उत्तर अमेरिकेतलं न्यूफाउंडलंड बेट. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे 16 तास लागले. केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संदेश रेटण्यासाठी तिला 2000 व्होल्टच्या आसपास दाब दिला आणि आधीच कमकुवत असलेलं विसंवाहक वेष्टण पार निकामी झालं. महिनाभरात केबल बंद. खोल पाण्यात काय घडतंय ते लोकांच्या डोळ्यांना दिसणारच नव्हतं, म्हणून चित्रकारानं तिथे जलपऱ्या बसवल्या. बाईंचं हे म्हणणं मला आजही पूर्ण पटतं. आणि ते चित्र छापून वाचकांच्या हाती पडत होतं त्याच दिवसांत, 2 ऑगस्टला, ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून टाकली जाणारी नवी केबल भर अटलांटिकमध्ये तुटलेली होती. लंडनला त्याचा पत्ताही नव्हता.

“न बघता कसं कळेल?” बाईंचा पुढचा प्रश्न. मग ब्रिज मांडला. तारेच्या दर मैलाचा रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावर बसून दोषापर्यंतचा एकूण रोध मोजायचा आणि त्याला भागायचं. दोष किती लांब आहे त्याचा अंदाज येतो. प्रयोगवहीतलं ते रुक्ष सूत्र त्या दिवशी अटलांटिकच्या तळापर्यंत पोचलं.

1866मध्ये नवी केबल यशस्वी झालीच, शिवाय ‘ग्रेट ईस्टर्न’नं आदल्या वर्षीचं तुटलेलं टोक दोन मैलांहून अधिक खोलीतून आकड्यानं वर काढलं. आयर्लंडच्या ठाण्यावर माणसं त्या मुक्या केबलला जोडलेल्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर पहारा देत होती; अगदी क्षीण वीज आली तरी त्यातला आरसा हलतो आणि त्यावरून पडणारा प्रकाशाचा ठिपका सरकतो. प्रकाशाचा ठिपका हलला! हे सांगताना बाईंचा आवाज भरून आला होता. चारच वर्षांनी, 1870मध्ये, याच जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली.

मी आज जमिनीखालच्या केबलमधले दोष शोधण्याचं काम करते. उपकरणं बदलली, पण रस्ता खोदण्याआधी मोजमाप करायची शिस्त तीच आहे, आणि ती मला या शाळेनं दिली.

बाई आता निवृत्त आहेत. त्या दोन झेरॉक्स त्यांनी माझ्याकडे सोपवल्या आहेत. मुख्याध्यापकांना विनंती आहे की अकरावीचा एक तास मला द्यावा. चित्रं आणि ब्रिज, दोन्ही घेऊन येईन.