रात्रीची खा-खा आणि सकाळचा नाश्ता

बिस्किटाचा पुडा फाडताना किती मोठा आवाज होतो, हे रात्री दीड वाजता कळतं. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा तो आवाज दाबायची माझी रीत ठरलेली होती. आधी नळ बारीक सोडायचा, मग पुडा टॉवेलात गुंडाळून फाडायचा. दिवा लावायचा नाही. ओट्याला टेकून उभ्या-उभ्याच खायचं. पहिली दोन-तीन बिस्किटं गोड लागायची, नंतर चवच लागायची नाही, तरी हात थांबायचा नाही. पुडा संपला की हाताला लागेल ते: रात्रीचं उरलेलं, डब्यातलं कोरडं, फ्रीजमधलं गारढोण. पोट तट्ट फुगून श्वास घेताना बरगड्यांखाली दुखायला लागलं की मग मी थांबायचो. बोट ओलं करून ओट्यावरचे कण टिपायचे, कागदाची बारीक घडी घालून ती जुन्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात कोंबायची आणि अंथरुणावर येऊन पडायचं. तेव्हा स्वतःबद्दल जे वाटायचं, ते लिहिताना आजही हात जड होतो.

हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. घरात कुणाला कळलं नाही, कारण चारचौघांत मी कमीच खायचो. आणि कधी जास्त खाल्लंच तर "मुलगा आहे, वाढीचं वय आहे, खाऊ दे" असं म्हणून विषय संपायचा. एकदा एका नातेवाइकांनी "भस्म्या झालाय की काय रे तुला?" असं विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री मी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं.

सुरुवात कुठून झाली, ते मला नीट आठवतं. चौदाव्या वर्षी उंची वाढायच्या आधी अंग सुटलं होतं. मैदानावर एका मुलाने माझ्या पोटाला चिमटा काढला. मी त्याच दिवशी ठरवलं, उद्यापासून नाश्ता बंद. मग शाळेच्या डब्यातलं अर्धं दुसऱ्याला द्यायला लागलो. दुपारपर्यंत मला स्वतःचा अभिमान वाटायचा. संध्याकाळी डोकं ठणकायचं, कुणी हाक मारली तरी अंगावर जायचो. रात्री जेवायला बसलो की दोन घास खाऊन उठायचो, आणि सगळे झोपले की स्वयंपाकघराकडे वळायचो. दुसऱ्या दिवशी कालचं भरून काढायचं म्हणून आणखी कडक उपाशी राहायचं. मला वाटायचं, दिवसाचा मी खरा आणि रात्रीचा मी म्हणजे कुणीतरी अधाशी, माझ्यात घुसलेला. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत, हे समजायला दुसऱ्याची मदत लागली.

ताईने दप्तर धुवायला काढलं आणि कप्प्यातून कागद बाहेर आले. मी खोलीत आलो तेव्हा ती जमिनीवर बसून एकेक घडी उलगडत होती. मला वाटलं, आता आईला हाक मारणार. तिने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं एकट्यानेच?" मी मान हलवली. "कधी खातोस?" मी म्हटलं, "रात्री." ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एकटा पडलास रे." का केलंस, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सरळ खोटं बोललो असतो. दोन वर्षांत सराव चांगलाच झाला होता.

आईबाबांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. आई रडली. तिला वाटलं, तिच्या हातचं खायला कुठेतरी कमी पडलं. बाबा म्हणाले, "मनावर घेतलं की होतं सगळं." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं, पण मी तर दोन वर्षं दररोज मनावरच घेत होतो.

पहिल्या डॉक्टरांकडे फार वाईट अनुभव आला. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, "तोंडावर ताबा ठेव" म्हणून सांगितलं आणि काय काय खायचं नाही याचा छापील कागद हातात दिला. तो कागद मी चार दिवस तंतोतंत पाळला. पाचव्या रात्री त्या यादीतलं घरात होतं नव्हतं तेवढं सगळं खाल्लं. अशा मुलाला सरसकट डाएटचा कागद देणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतर ताईने शोधून काढलेल्या मानसतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत वजन विचारलं नाही. विचारलं ते असं: भूक नसतानाही खातोस का? भरभर खातोस का? त्रास होईपर्यंत? लाज वाटते म्हणून एकट्याने? नंतर स्वतःची किळस येते का? प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर 'हो' होतं, आणि मी चकित झालो होतो, कारण हे प्रश्न आधीच कुणीतरी लिहून ठेवलेले होते. म्हणजे असं करणारा मी एकटा नव्हतो. मग त्यांनी अगदी सरळ आवाजात विचारलं, "खाल्लेलं ओकून काढतोस का? जुलाबाची औषधं घेतोस?" मी नाही म्हटलं. तसं असतं तर आधी रक्त तपासायला पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. अशा ओकण्याने किंवा जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम घसरतं आणि थेट हृदयावर परिणाम होऊ शकतो. हे वाचणाऱ्या कुणाचं उत्तर 'हो' असेल तर कृपा करून आजच घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा.

माझ्या त्रासाला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात, म्हणजे ताबा सुटून खा-खा करण्याचा आजार. साधारण आठवड्यातून एकदा तरी, असं सलग ३ महिने घडत असेल तर तो आजार धरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या ग्रंथात २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. आजार म्हटल्यावर मी घाबरेन असं आईला वाटत होतं. मला उलट हायसं वाटलं. अधाशीपणावर उपचार नसतो, आजारावर असतो.

तिसऱ्या भेटीत मॅडमनी एका जुन्या प्रयोगाची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. ही माणसं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली. ताटं चाटायची, पाककृतींची पुस्तकं जमवायची. पुन्हा हवं तेवढं खायला मिळू लागल्यावर त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरीही भूक शमली नाही म्हणायचे. "ती माणसं मनाने कमकुवत होती का?" मॅडमनी विचारलं. मी काहीच बोललो नाही. मला माझी संध्याकाळची डोकेदुखी आठवत होती.

उपचार इतका साधा होता की मला फसवणूक वाटली. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळी उठून नाश्ता करायचाच. भूक लागो न लागो, घड्याळाकडे बघून खायचं. कारण माझ्या पोटाच्या खुणांवर तेव्हा भरवसा ठेवण्यासारखी स्थितीच नव्हती.

तो पहिला नाश्ता मला अजून आठवतो. आदल्या रात्री खा-खा झालेली. पोट जड, तोंड कडू. समोर ताटली. आई मुद्दाम पाठ करून काहीतरी पुसत होती, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मला वाटत होतं, हे खाल्लं तर मी फुगतच जाणार, दोन वर्षांत जेवढी म्हणून शिस्त होती तीही गेली. वीस मिनिटं लागली, पण मी ते खाल्लं. त्या रात्री दीड वाजता जाग आली, मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. का परत आलो, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं: नेहमीइतकी भूकच नव्हती.

सगळ्या रात्री अशा गेल्या नाहीत. पहिल्या महिन्यात खा-खा झाली, बऱ्याचदा झाली. पण मॅडमनी एक वही करायला लावली होती, आणि ती भरताना हळूहळू डोळे उघडले. त्यात किती खाल्लं हे मोजायचं नव्हतं. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, आणि आधी मनात काय होतं, एवढंच. तेही खाल्ल्याबरोबर लिहायचं, रात्री आठवून नाही. दोन आठवड्यांनी पानं उलटली तर वाईट रात्रींच्या वरच्या ओळी सारख्याच निघाल्या. 'दुपारी डबा खाल्ला नाही.' 'साडेचारचं खाणं चुकवलं.' काही ठिकाणी मात्र खाणं वेळेवर होतं, आणि तिथे लिहिलेलं असायचं, 'बाबा रागावले', 'पेपर वाईट गेला', 'ग्रुपमध्ये मला घेतलं नाही'. म्हणजे भूक एक होती आणि पोटात न लागलेली दुसरी होती. पहिलीवर जेवण हा उपाय होता. दुसरीसाठी ताईला उठवायची परवानगी मला मिळाली होती. मी तिला उठवायचो. आम्ही अंगणात जाऊन बसायचो, कधी बोलायचो, कधी नाही. खाण्याची ती ओढ वाढत वाढत टोकाला जाते आणि मग, काही न करताही, ओसरायला लागते. हे आधी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. घड्याळ लावून पाहिलं तेव्हा पटलं.

'व्यसन' या शब्दाबद्दल थोडं लिहायला हवं. मी स्वतः कितीतरी दिवस म्हणायचो की मला खाण्याचं व्यसन आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये असं व्यसन मोजायची प्रश्नावलीही तयार केली. तज्ज्ञांमध्ये मात्र यावर एकमत नाही, आणि डीएसएम-५ मध्ये अन्नाचं व्यसन असा आजार नाही. मला त्या शब्दाने कबुली द्यायला मदत केली, हे खरं. पण त्याने उपाय चुकीचा सुचवला. व्यसन म्हटलं की सोडायचं. मी गोड सोडलं, तळलेलं सोडलं, बिस्किटं सोडली, आणि जे जे सोडलं तेच रात्री हातात आलं. मॅडमनी उलट केलं. सोडलेल्या गोष्टींची यादी करायला लावली, सगळ्यात कमी भीती वाटते ती खाली, सगळ्यात जास्त ती वर. मग खालून एकेक पदार्थ दिवसाउजेडी, बसून, ताटलीत घेऊन, ताईबरोबर खायचा. बिस्किटं यादीत सगळ्यात वर होती. तिथपर्यंत पोचायला चार महिने लागले. अर्थात दुसऱ्या कुणाला काही काळ एखादी गोष्ट लांब ठेवूनच बरं वाटत असेल. मी माझ्यापुरतं सांगतो.

परीक्षेच्या दिवसांत सगळं पुन्हा घसरलं. जागरणं, वेळेवर जेवण नाही, आणि सलग तीन रात्री खा-खा. चौथ्या दिवशी मी जेवणार नाही म्हणून बसलो. तेव्हा बाबा खोलीत आले, 'मनावर घे' म्हणणारे तेच बाबा, आणि ताट टेबलावर ठेवून म्हणाले, "आधी हे. मग अभ्यास, मग बाकीचं." मधल्या काळात ते दोनदा माझ्याबरोबर मॅडमकडे आले होते. घरात त्यांनी आणखी एक केलं: जेवताना कुणाच्याही अंगाबद्दल बोलणं बंद. पाहुणे बोलायला लागले की तेच विषय बदलायचे. मी मागितलंही नव्हतं.

वजनाचं काय झालं, असं मला नेहमी विचारतात. पहिले काही महिने काहीच झालं नाही, आणि उपचार थांबवायची ओढ मला सगळ्यात जास्त तेव्हाच होती. नंतर काय झालं, ते मी आकड्यांत सांगणार नाही. पंधराव्या वर्षी मी असले आकडे वाचूनच उपाशी राहायला शिकलो होतो.

आता मी एकोणीस वर्षांचा आहे. वही बंद होऊन दोन वर्षं झाली. शेवटची खा-खा मागच्या पावसाळ्यात झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्ता केला.

परवा रात्री वाचता वाचता खरंच भूक लागली. स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावला, ताटली घेतली, पुडा फाडला. आवाजाने बाबा उठून आले. डोळे चोळत म्हणाले, "काय रे?" मी म्हटलं, "भूक लागली." त्यांनी खुर्ची ओढली, ताटलीतली दोन बिस्किटं उचलली आणि विचारलं, "चहा टाकू का?"