रॉड महागला, दरवाढीची फाइल मात्र पर्चेसला अडकली

मार्च २०२२. युक्रेन युद्धामुळे लंडनच्या बाजारात तांबं टनाला १०,७०० डॉलरच्या पुढे गेलं. नाशिकच्या अंबडला आम्ही स्विचगिअरची, म्हणजे विजेच्या स्विच-ब्रेकरची, पितळी टर्मिनलं (वायर जोडायचे भाग) पितळी रॉडपासून बनवतो. या पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच, त्यामुळे जामनगरच्या रॉडवाल्याने पुढच्या गाडीलाच दर बदलला. ग्राहक कंपनीकडून आमचा दर बदलून घेताना मात्र जीव मेटाकुटीला आला.

पत्र, रॉडची जुनी-नवी बिलं, सगळं बिनबोभाट गेलं. घोडं अडलं कंपनीच्या पर्चेसच्या (खरेदी विभागाच्या) टेबलावर, आधी वजनावरून. तयार नग ३६ ग्रॅमचा, पण रॉड लागतो ६० ग्रॅम. २४ ग्रॅमची बर होते, म्हणजे कापताना निघणारा पितळेचा चुरा, तो भंगारात विकला जातो. रॉड किलोमागे ८० रुपयांनी वाढला, तर पर्चेसवाले ३६ ग्रॅम धरून २ रुपये ८८ पैसे देऊ करतात. हिशेब असा मांडा: ६० ग्रॅमचे ४ रुपये ८० पैसे, बरीचा दर ६० रुपयांनी वाढला असेल तर त्याचे १ रुपया ४४ पैसे वजा, राहिले ३ रुपये ३६ पैसे. नगामागे फरक ४८ पैशांचा, म्हणजे महिन्याच्या ५०,००० नगांना २४,००० रुपये. एवढ्यात ऑपरेटरचा पगार निघतो! पार्टिंग टूलची (नग रॉडपासून कापणाऱ्या हत्याराची) जाडी आणि रॉडचा उरलेला तुकडा पहिल्या कोटेशनमध्येच ग्रॉस वजनात (नगाला लागणाऱ्या एकूण रॉडच्या वजनात) धरा, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

मग नवा दर लागू होण्याची तारीख. ‘अमेंडमेंट (ऑर्डरमधल्या दराची दुरुस्ती) निघेल त्या दिवसापासून’ हे उत्तर अजून डोक्यात जातं. तोवर माल जुन्याच दराने जात राहतो. भाव उतरले की वजावट मात्र मागच्या तारखेपासून. म्हणून पत्रातच लागू तारीख टाका, मधल्या प्रत्येक बिलावर ‘दर तात्पुरता’ लिहा आणि अमेंडमेंटमध्ये जुन्या बिलांचे नंबर घालून घ्या. फरकाची जीएसटी डेबिट नोट त्यावरच निघते. नंबर नसले की कंपनीचं अकाउंट्स ती परत पाठवतं.

बर कोरडी ठेवा, लोखंड मिसळू देऊ नका. भंगारवाला लगेच दर पाडतो.

खेळत्या भांडवलाचंही बघा. महिन्याला ३ टन रॉड म्हणजे २ लाख ४० हजार जास्त, ६० दिवसांच्या उधारीत ४ लाख ८० हजार अडकले. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, ते पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या.

आणि चढत्या बाजारात शेड्यूलपेक्षा (ग्राहकाने कळवलेल्या मागणीपेक्षा) जास्त रॉड भरू नका. त्याच जुलैत तांबं ७,००० डॉलरच्या आसपास आलं होतं.