गळती दिसते तिथे नसते

केबिन क्रूझर म्हणजे इंजिनावर चालणारी आणि पोटात राहण्याची सोय असलेली बोट. झोपायचे बाक, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, इंधनाची टाकी आणि इंजिन या एरवी एकमेकांपासून चार हात दूर ठेवल्या जाणाऱ्या गोष्टी इथे आठ-नऊ मीटर लांबीत गुण्यागोविंदाने नांदत असल्याचे भासवत असतात. अशी जुनी बोट हाती आली की मालकाच्या मनात आधी येतात ते गाद्यांचे नवे कापड, केबिनचा रंग आणि नवे दिवे. माझ्याही मनात तेच होते आणि त्यात काही गैर नाही. परंतु हातात ब्रश येण्याआधी विजेरी येते आणि ती बराच काळ सुटत नाही. बोटीवरची दुरुस्ती ही बहुतांशी शोधाशोध असते. पाणी कुठून आले, वीज कुठे अडली, वास कशाचा येतो, हे एकदा कळले की उरलेले काम एखाद्या दुपारचे असते. ते कळेपर्यंत मात्र आठवडे निघून जातात.

सर्वांत फसवे ते डेकमधून, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठातून, झिरपणारे पाणी. बाकावर आडव्या झालेल्या माणसाच्या कपाळावर थेंब पडतो, तो वर पाहतो, तिथे त्याला एक स्क्रू दिसतो आणि तो त्या स्क्रूभोवती सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, थापून मोकळा होतो. पुढच्या पावसात थेंब वीतभर सरकून पडतो. याचे कारण डेकच्या रचनेत आहे. फायबरग्लासच्या बऱ्याच बोटींचा डेक एकसंध नसतो. वरखाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मधोमध बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा अशी त्याची घडण असते. वजन फारसे न वाढता ताठपणा मिळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो उत्तम साधतोही. मात्र कठडे, दोर बांधायचे खुंटे, हाताने धरायच्या कड्या, शिडी, दिवे असे सगळे काही या डेकला भोके पाडूनच बसवलेले असते. कठड्याला माणूस रेलला किंवा दोराला हिसका बसला की तो जोड किंचित हलतो, वर्षानुवर्षे हलत राहतो, आणि सीलंटला केसाएवढी चीर पडते. तेवढी पाण्याला पुरते. आत शिरलेले पाणी गाभ्याच्या ठोकळ्यांमधल्या फटींतून उताराकडे सरकत जाते आणि दूरवरच्या एखाद्या भोकातून, किंवा केबिनच्या छताच्या अस्तराला जिथे शिवण असेल तिथून, खाली उतरते. थेंब पडला ती जागा म्हणजे त्या प्रवासाचा शेवट, आणि आपल्याला हवा असतो त्याचा आरंभ.

त्यासाठी पाण्याची नळी, सोबतीला आत बसणारा एक सहनशील माणूस आणि थोडी शिस्त एवढे पुरते. पाणी सोडायला सुरुवात खालून करायची आणि एकेका जोडावर बराच वेळ धार धरून वर जायचे. वरून सुरुवात केली तर खालचे सगळेच जोड भिजतात आणि कोणावरही आळ घेता येत नाही. केबिनची दारे, खिडक्या आणि वायुवीजनाची तोंडे चिकटपट्टीने बंद करून आत पंख्याने हवा भरायची आणि बाहेरून प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावायचे, ही युक्ती त्याहून देखणी आहे, कारण जिथे बुडबुडे येतात तिथे वाद उरत नाही. गाभा किती कुजला आहे हे पाहायला उपकरण लागत नाही. मडके वाजवून घ्यावे तसे स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर ठोकत जायचे. कोरड्या जागी आवाज कडक, टणटणीत येतो. ओल्या किंवा सुटलेल्या जागी तो बसका होतो, आणि तो कुठे बदलतो हे कानाला इतके स्पष्ट कळते की पेन्सिलीने तिथे रेघ मारता येते. रेघांना रेघा जोडून डेकवर जेव्हा एखाद्या बेटासारखा आकार उमटतो, तेव्हा तो मूळ अंदाजाच्या दुप्पट तरी असतोच, याची मनाची तयारी ठेवावी.

गाभ्याचा भुसा झाला असेल तर वरचा थर कापून नवा गाभा घालणे भाग असते, आणि ते जिकिरीचे काम आहे. पण वेळीच सापडलेल्या गळतीवरचा उपाय मला फार आवडतो. जोड काढायचा, भोकाच्या आतल्या कडेने बोटभर गाभा खरवडून काढायचा, आतली ओल पूर्ण वाळू द्यायची, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव कालवले की कडक होणाऱ्या राळेने, भरायची आणि ते वाळल्यावर त्या इपॉक्सीच्या मधोमध नवे भोक पाडायचे. यामुळे गळती कायमची थांबते असे नाही. सीलंट पुढे कधीतरी दगा देणारच. पण तेव्हा पाणी गाभ्यात न शिरता सरळ केबिनमध्ये, त्याच जोडाच्या खाली टपकेल. म्हणजे गळती दिसेल तिथेच असेल. बोटीच्या बाबतीत मी याला मोठीच सुधारणा मानतो.

सीलंटबद्दल थोडे कडवट बोलणे भाग आहे. आधीच्या मालकाला घरगुती सिलिकॉनची अतोनात आवड असावी, असे जुन्या बोटीवर हमखास वाटते. सिलिकॉन काढले तरी त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर रंग, इपॉक्सी, दुसरे सीलंट यांपैकी काहीही नीट धरत नाही. याच्या उलट टोकाला जालीम पॉलियुरेथेन सीलंट असते. त्याने बसवलेला खुंटा पुढे काढायची वेळ आली तर खुंट्याबरोबर जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचा, पोपडाही निघून येतो. जे कधी ना कधी काढावे लागणार, ते ब्युटाइल टेपवर, म्हणजे मऊच राहणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर, बसवावे. भोकाची वरची कड थोडी उतरती करावी, बोल्टच्या डोक्याखाली टेपचे वेटोळे द्यावे, आणि नट एका दमात न आवळता थोडा-थोडा, काही दिवसांच्या अंतराने आवळावा. टेप सावकाश दबून कडेने बाहेर येत राहते, ती नखाने काढून टाकली की झाले.

इपॉक्सीचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. ते घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते. खोलगट भांड्यात जास्त कालवून ठेवले तर ती उष्णता कोंडते, मिश्रण आणखी वेगाने तापते आणि वापरायच्या आत धूर सोडत दगड होते. पसरट थाळीत ओतले की तेच मिश्रण बराच वेळ कामास येते. वाळल्यावर अनेक इपॉक्सींच्या पृष्ठावर मेणचट तवंग येतो. तो साध्या पाण्याने धुऊन निघतो, पण न धुता त्यावर घासकागद फिरवला तर तो पृष्ठात घोळला जातो आणि पुढचा थर सुटतो.

डेकमधले पाणी बोट कुजवते, तर पाण्याच्या पातळीखालचे भोक तिला बुडवते, आणि इथे शोधाशोधीला मुदत असते. पातळीच्या 30 सेंटिमीटर खाली 25 मिलिमीटर व्यासाचे भोक उघडे पडले तर मिनिटाला 40 लिटरच्या वर पाणी आत येते. व्यास दुप्पट असेल तर चौपट. बिल्जमधल्या, म्हणजे पाणी साचते त्या बोटीच्या अगदी तळातल्या, पंपावर छापलेला आकडा मोठा दिलासा देतो, पण तो बहुधा पाणी वर न चढवता, मोकळ्या तोंडाने मोजलेला असतो. प्रत्यक्षात पाण्याला मीटरभर चढायचे असते, नळी आतून वळ्यावळ्यांची असते, बॅटरी अर्धी उतरलेली असते. पंपामुळे मिळतो तो वेळ, आणि त्या वेळात आपल्याला नेमके भोक सापडले पाहिजे. म्हणून बोटीच्या अंगातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या, पातळीखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हपाशी हात पोहोचतो का, हे नवा पंप घेण्याआधी पाहावे, व्हॉल्व्ह अधूनमधून उघडबंद करावेत म्हणजे ते जाम होत नाहीत, आणि त्या आकाराची मऊ लाकडाची खुंटी तिथेच सुतळीने बांधून ठेवावी.

या व्हॉल्व्हच्या धातूकडे विजेरी धरून पाहण्यासारखे पुष्कळ असते. साध्या पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, आणि खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू उचलून नेते. आकार जसाच्या तसा राहतो, आटेदेखील शाबूत दिसतात. पण चाकूच्या टोकाने खरवडले की पिवळ्याऐवजी गुलाबी झाक दिसते आणि धातू ठिसूळ लागतो. असा व्हॉल्व्ह पाण्यात हात लावण्याच्या लायकीचा उरलेला नसतो. बोट किनाऱ्यावर ओढल्याशिवाय त्याला पाना लावू नये, आणि जागी कांस्याचा, जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचा किंवा त्यासाठीच बनवलेल्या मजबूत प्लास्टिकचा बसवावा.

दोन धातू आणि खारे पाणी यांच्या या खेळाची किंमत आरमारांनीही मोजली आहे. ब्रिटिश आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, तेव्हा तांब्याला जिथे लोखंड टेकत होते तिथले लोखंड खाऊन गेल्याचे पुढे आढळले. नंतर 1824 साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तांबे वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. तांबे खरोखरच वाचले. परंतु तांब्याचा जो अंश पाण्यात विरघळत होता तोच शंख-शेवाळाला दूर ठेवत होता, आणि ते विरघळणे थांबताच तळावर रान माजले. आज प्रोपेलर फिरवणाऱ्या शाफ्टवर आणि प्रोपेलरपाशी जस्ताचा बळीचा, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा, तुकडा बसवतात तो याच विचाराने, आणि तळाच्या रंगात तांबे असते ते त्याच अनुभवापायी. गोड्या पाण्यात जस्त आळसावते, तिथे मॅग्नेशियम लागते. जस्त झिजलेले पाहून पुष्कळजण हळहळतात. मला मात्र मोसमानंतरही नव्यासारखे राहिलेले जस्त पाहून धसका बसतो, कारण त्याचा संपर्क कुठेतरी तुटलेला असतो आणि त्याच्या वाटची झीज भलत्याच धातूने सोसलेली असते.

विजेचेही असेच. केबिनमधला दिवा मंद पेटतो म्हणून बॅटरी बदलली जाते आणि दिवा मंदच राहतो. बोटीवरची वीज बहुधा 12 व्होल्टची असते, त्यामुळे त्याच कामाला घरच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह लागतो आणि तारेतला किरकोळ विरोधही महागात पडतो. जाऊन-येऊन 10 मीटर लांबीच्या, 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून 10 अँपिअर वाहिले तर सुमारे 0.7 व्होल्ट वाटेतच गळतात. घरच्या विजेत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. 12 मध्ये ते सहा टक्के झाले. दिवा चालू ठेवून मीटरची एक टोचणी बॅटरीवर आणि दुसरी एकेका जोडावर टेकवत गेले की आकडा जिथे उडी मारतो तिथे दोषी सापडतो. बहुधा तो बाकाखालच्या ओलीत दडलेला, हिरवट भुकटी धरलेला एखादा जोड असतो. तिथे कथिलाचा मुलामा दिलेली तार, योग्य पकडीने दाबलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी एवढे केले की ते दुखणे संपते. दिवे एलईडी केले तर 10 वॉटच्या दिव्याचे काम दीड-दोन वॉटमध्ये होते, आणि तोच बॅटरीवरचा सर्वांत स्वस्त उपकार ठरतो; फक्त हलक्या प्रतीचे एलईडी रेडिओत खरखर आणतात, ती आधी तपासावी. पण जुन्या बोटीत सर्वांत समाधान देणारे विजेचे काम म्हणजे कुठूनही न येणाऱ्या आणि कुठेही न जाणाऱ्या मेलेल्या तारांचे भेंडोळे ओढून काढणे.

पेट्रोलच्या इंजिनाशी मात्र हौस जपून करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचून राहते. म्हणूनच इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवून ती बाहेर काढतात, आणि त्या पंख्याची नळी तळापर्यंत गेलेली असावी लागते. मोटारीचा अल्टरनेटर किंवा स्टार्टर दिसायला हुबेहूब तसाच आणि किमतीला हलका असतो, पण बोटीच्या भागात ठिणगी आत कोंडलेली असते आणि मोटारीच्या भागात नसते. स्वयंपाकाच्या गॅसची नळजोडणी तर जाणकाराकडूनच करून घ्यावी. पिछाडीला थंडी-वाऱ्यासाठी कॅनव्हासचा आडोसा शिवणे ही निरुपद्रवी सुधारणा वाटते. परंतु बोट पुढे जाताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, धुराड्याचा धूर त्या पोकळीत ओढला जातो आणि आडोशाआड साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा तिथे विजेरी आणि नाक दोन्ही निकामी, केबिनमध्ये त्याचा इशारा देणारे उपकरणच हवे.

गाद्या, पडदे, वार्निश यांविषयी मी फार लिहीत नाही. ती कामे आनंदाची आहेत आणि ती करताना माणसे येऊन कौतुकही करतात, जे गाभा खरवडताना कोणी करत नाही.

सध्या केबिनच्या छतावर सौर पॅनेल बसवायचे घाटत आहे. लवचीक पॅनेल स्क्रूशिवाय चिकटवता येते, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे तार आत नेण्याचा, कारण त्यासाठी एक तरी भोक पाडावेच लागणार. छताच्या सपाटीवर ते सर्वांत सोयीचे पडले असते आणि तारही आखूड लागली असती. मी ते केबिनच्या उभ्या भिंतीत, छताच्या पागोळीखाली घ्यायचे ठरवले आहे. तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर चढवायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशीच गळून पडेल. तार दीड मीटर जास्त लागेल, आणि तेवढी ती जाडही घ्यावी लागेल.