तुम्ही विचारलंत म्हणून: एच-वनवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असताना इथल्या उमेदवाराला देणगी देता येते का?

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या स्थानिक उमेदवारांच्या प्रचारात देणग्यांचा हिशोब ठेवायला मदत करतो. त्यामुळे निवडणुकीचं वर्ष आलं की मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाच्या घरच्या गणपतीत, कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच: "मी एच-वनवर आहे. आपला माणूस उभा राहिलाय. शंभर डॉलर दिले तर चालतील का? आणि मला चालत नसेल तर मित्राच्या नावावर देतो, त्याला मी झेल ॲपवरून पैसे पाठवीन."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालत. दुसऱ्याचं उत्तर: कृपा करून असं काही करू नका, तो गुन्हा आहे.

अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सोडले तर बाकी सगळे या कायद्यापुरते परदेशीच. एच-वन, एल-वन, एच-फोर असे व्हिसावाले, शिकायला आलेली मुलं, उन्हाळ्यात राहायला आलेले सासूसासरे, सगळे त्यात आले. आणि ही बंदी फक्त राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला नाही. राज्य, काउंटी, टाउनशिप, अगदी स्कूल बोर्डाच्या निवडणुकीलाही ती लागू आहे.

"पण आम्ही टॅक्स भरतो ना?" हा प्रश्न कोर्टात जाऊन आलेला आहे. बेंजामिन ब्लूमन हा कॅनडाचा तरुण वकील व्हिसावर न्यूयॉर्कमध्ये नोकरी करत होता. त्याला ओबामांना देणगी द्यायची होती आणि त्यांच्या प्रचाराची पत्रकं स्वतःच्या खर्चाने छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. 2011 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याला नकार दिला. निकालपत्र ब्रेट कॅव्हेनॉ यांनी लिहिलं, जे पुढे सुप्रीम कोर्टावर गेले. जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. देशाचा कारभार कोणी चालवायचा हे ठरवताना परक्यांना बाहेर ठेवण्याचा हक्क देशाला आहे, असं त्याचं सार. मला हे पटतं. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं काढणाऱ्या भारतीयांना ते बोचतं हेही मला ठाऊक आहे, मीही त्या रांगेत होतो. पण ती रांग लांबली हा अन्याय रांगेपुरता सोडवायला हवा. त्यासाठी निवडणुकीचं दार परक्या पैशाला उघडून चालणार नाही, कारण त्या दारातून आपल्या शंभर डॉलरच्या मागोमाग कोण कोण आत येईल ते आपल्या हातात नसतं.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची, कारण तो फार सहज विचारला जातो. ऑनलाइन देणगीचा फॉर्म एकदा नीट वाचा. नाव, पत्ता, व्यवसाय, कुठे नोकरी करता, आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी: मी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, हे पैसे माझे स्वतःचे आहेत आणि मला ते कोणी परत देणार नाही. आपण खूण करून पुढे जातो. केंद्रीय निवडणुकीत एका माणसाची देणगी 200 डॉलरच्या वर गेली की ही माहिती निवडणूक आयोगाच्या जाहीर यादीत येते. ती यादी कोणीही उघडून बघू शकतं. उमेदवार कोणाच्या पैशावर उभा आहे हे सामान्य मतदाराला कळायचा तेवढाच एक मार्ग आहे. तुमच्या पैशापुढे मित्राचं नाव लागलं की ती यादी खोटं बोलायला लागते.

हे मोठ्या प्रमाणावर कसं होतं ते जेसी बेंटनच्या खटल्यात दिसलं. बेंटन मुरलेला राजकीय कार्यकर्ता. राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक रॉन पॉल यांच्या 2012 च्या मोहिमेचा प्रमुख, नंतर सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्या मोहिमेचा मॅनेजर. 2016 मध्ये एका रशियन व्यावसायिकाला डोनाल्ड ट्रम्प यांच्यासोबत फोटो हवा होता. त्याने बेंटनच्या कंपनीला 1,00,000 डॉलर पाठवले. कागदोपत्री ते सल्ल्याचे पैसे, त्याचं खोटं इनव्हॉइससुद्धा तयार केलेलं. बेंटनने ट्रम्प यांच्या फिलाडेल्फियातल्या निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमासाठी स्वतःच्या क्रेडिट कार्डवरून 25,000 डॉलर भरले आणि उरलेले 75,000 ठेवून घेतले. रशियन माणसाला फोटो मिळाला. आयोगाकडे गेलेल्या अहवालात देणगीदार म्हणून नाव लागलं ते बेंटनचं. प्रचार समितीला पैसा कुठून आला याची कल्पना नव्हती, म्हणजे खोटी माहिती त्यांच्याच हातून सरकारी दप्तरात गेली. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीने बेंटनला दोषी ठरवलं आणि पुढच्या फेब्रुवारीत 18 महिन्यांची शिक्षा झाली.

यात परदेशी माणूस नसला तरी गुन्हा गुन्हाच राहतो. मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याच्या कुटुंबातले दिनेश डिसूझा अमेरिकेत नावाजलेले लेखक. 2012 मध्ये सिनेटला उभ्या राहिलेल्या मैत्रिणीसाठी त्यांनी मर्यादेपलीकडचे 20,000 डॉलर दुसऱ्यांच्या नावावर दिले आणि त्या लोकांना ते परत केले. 2014 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आठ महिने देखरेखीच्या केंद्रात काढावे लागले, 30,000 डॉलर दंड झाला. पुढे 2018 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. त्याच 2014 साली हॉटेल व्यावसायिक संत सिंग चटवाल यांनीही तशीच कबुली दिली: तीन उमेदवारांना मिळून 1,80,000 डॉलरहून जास्त, कर्मचारी आणि कंत्राटदारांच्या नावांवर. चटवाल यांना 2010 मध्ये पद्मभूषण मिळालेलं होतं.

कर्मचारी हा शब्द मला इथे टोचतो. नाव देणारा बहुतेक वेळा लहान माणूस असतो. मालक म्हणतो, तू चेक लिही, पुढच्या बोनसमध्ये बघू. नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलेल्या माणसाने मालकाला नाही कसं म्हणायचं? पण जाणूनबुजून आपलं नाव वापरू देणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा झाली तर सिटिझनशिपच्या अर्जात ती लिहावी लागते. मालक मोठे वकील लावेल, पण नाव देणाऱ्या या माणसाचं काय? म्हणून निधी गोळा करण्याच्या एका कार्यक्रमात एक गृहस्थ नातेवाइकांच्या नावांचे चेक एकाच पेनने, एकाच अक्षरात लिहून घेऊन आले, तेव्हा मी ते प्रचाराच्या खजिनदाराला दाखवले आणि सगळे परत गेले. गृहस्थ रागावले. रागावू देत.

आता उलट बाजूचा प्रश्न: इथून भारतातल्या पक्षाला देता येतं का? भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत, हो. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याने तुम्ही परदेशी, म्हणून नाही. हाच कायदा पक्षांवर आला तेव्हा काय झालं तेही सांगतो. लंडनच्या वेदांता या खाण उद्योगातल्या कंपनीच्या भारतातल्या कंपन्यांनी, त्यात सेसा गोवाही होती, भाजप आणि काँग्रेस दोघांना देणग्या दिल्या होत्या. 28 मार्च 2014 रोजी दिल्ली हायकोर्टाने दोन्ही पक्षांनी कायदा मोडल्याचा निकाल दिला. मग 2016 च्या वित्त कायद्यातून परदेशी स्रोताची व्याख्या मागच्या तारखेने, 2010 पासून, सैल केली गेली. त्याआधीच्या देणग्यांना ते पुरलं नाही म्हणून 2018 मध्ये ती तारीख थेट 1976 पर्यंत मागे नेली. ते विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. याची मला अजून चीड येते.

एच-वनवाल्यांना करता येण्यासारखं बरंच आहे. बिनपगारी काम चालतं: मतदारांना फोन करणं, दारोदार जाणं, उमेदवाराने छापलेली पत्रकं वाटणं. ऑफिसची वेळ आणि ऑफिसचा लॅपटॉप मात्र त्यात आणू नका. आणि प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत बसू नका, तेही परदेशी माणसाला चालत नाही. बायको सिटिझन असेल तर ती तिच्या मर्जीने, तिच्या पैशातून देऊ शकते. तुम्ही सांगितलेला आकडा तिच्या कार्डावरून गेला तर ते मित्राच्या नावावर देण्यासारखंच झालं. मुलांच्या नावावर तर नकोच. त्यांचा स्वतःचा पैसा आणि स्वतःचा निर्णय असेल तरच चालतं, आणि आठ वर्षांच्या मुलाबद्दल हे कोणालाही पटवून देता येणार नाही.