एफएनपी की अ‍ॅक्यूट केअर: माझ्या प्रवेशाची दोन वर्षं

ह्यूस्टनला आयसीयूतली रात्रपाळी संपवून सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसले, की स्टार्टर मारायच्या आधी मी फोन बघायचे. 2022च्या फेब्रुवारीत त्या फोनवर एकाच तऱ्हेची उत्तरं असायची. "सध्या विद्यार्थी घेत नाही." "पुढच्या वर्षी विचारा." बहुतेक ठिकाणांहून तर काहीच उत्तर नसायचं. मी एका ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर प्रोग्रॅमच्या दुसऱ्या सेमिस्टरला होते आणि पुढच्या वर्षीच्या क्लिनिकलसाठी प्रिसेप्टर शोधत होते. ज्या डॉक्टरच्या किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या हाताखाली प्रत्यक्ष पेशंट बघून तास भरायचे, तो प्रिसेप्टर. प्रवेश घेताना कॉलेजने "आम्ही मदत करतो" असं सांगितलं होतं. मदत म्हणजे क्लिनिकांची एक यादी निघाली, आणि तिच्यातली दोन क्लिनिकं तर केव्हाच बंद पडली होती. मी चाळीसच्या वर ठिकाणी ईमेल केले, सुट्टीच्या दिवशी बायोडेटा घेऊन स्वतः जाऊन आले. पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या एजन्सीही भेटल्या. फी भरून वर पुन्हा शिकवणारा माणूसही मीच विकत आणायचा, हे मला आजही पटत नाही.

मार्चमध्ये मी तो प्रोग्रॅम सोडला. तीन विषयांचे पैसे भरले होते. त्यातले दोन पुढे दुसरीकडे धरले गेले, एक वाया गेला.

मी मूळची सांगलीची. बी.एस्सी. नर्सिंग तिथेच केलं, मिरजेला दोन वर्षं आयसीयूत काम केलं. लग्नानंतर टेक्सासला आले, एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा दिली, आधी टेलिमेट्री, म्हणजे हृदयावर सतत मॉनिटरने लक्ष ठेवायचा वॉर्ड, आणि 2016पासून मेडिकल आयसीयू. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय हे आईला सांगायला मला बराच वेळ लागला. "डॉक्टर होणार का मग तू?" नाही. "मग सिस्टरच राहणार?" हो, पण तपासणार, निदान करणार, औषध लिहून देणार. आपल्याकडे मी ज्या वॉर्डात काम केलं तिथे सिस्टरने स्वतःच्या सहीने औषध लिहायचं ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे तिचा गोंधळ मला समजत होता. अमेरिकेत मात्र ही वाट 1965पासून आहे. कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या पब्लिक हेल्थ नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला कार्यक्रम सुरू केला, तो लहान मुलांसाठी होता. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे की हे!" त्यानंतर तिने नातेवाइकांना सांगायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

पहिल्या वेळी मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी, का निवडलं होतं? सगळे तेच करत होते म्हणून. आमच्या युनिटमधली केरळची एक ज्येष्ठ नर्स, आम्ही सगळे तिला चेची म्हणतो, तिने प्रेमाने सांगितलं होतं, "एफएनपी कर, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे बघता येतात, नोकरी कुठेही मिळते." घरी नवऱ्यालाही ते पटलं. रात्रपाळ्या सुटतील, मुलीच्या शाळेच्या वेळा जुळतील. माझ्याही मनात तेच होतं. पण मला कोणता पेशंट बघायचा आहे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तो प्रश्न विचारला आमच्याच आयसीयूतल्या एका नर्स प्रॅक्टिशनरने. मी प्रोग्रॅम सोडल्याचं कळल्यावर ती म्हणाली, "तुला पुढे इथेच काम करायचं आहे ना? मग एफएनपी कशाला करत होतीस?" तिने आमच्याच हॉस्पिटलची एक जाहिरात उघडून दाखवली. आयसीयूच्या जागेसाठी अ‍ॅक्यूट केअरचं प्रमाणपत्र अनिवार्य होतं, म्हणजे हॉस्पिटलमधल्या गंभीर पेशंटसाठीच्या शिक्षणाचं. मला वाटत होतं, आयसीयूचा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तो धरतील. धरत नाहीत. 2008मध्ये इथल्या नर्सिंग संस्थांनी मिळून कन्सेन्सस मॉडेल नावाचा आराखडा ठरवला. त्याप्रमाणे नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाची हद्द तिचं शिक्षण आणि प्रमाणपत्र ज्या लोकसमूहाचं आहे त्यावर ठरते. आधी नर्स म्हणून कुठे काम केलं, याने ती हद्द वाढत नाही. असे सहा समूह आहेत: सर्व वयाचं कुटुंब, प्रौढ आणि वृद्ध, नवजात, बालक, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. त्यात प्रौढ-वृद्ध आणि बालक या दोन्हींत पुन्हा प्रायमरी, म्हणजे क्लिनिकमधली नेहमीची तपासणी, आणि अ‍ॅक्यूट असे वेगळे रस्ते. मी दहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळले असते तरी एफएनपी झाल्यावर त्या पेशंटच्या ऑर्डरी लिहायला मी शिकलेली ठरले नसते. आणि अ‍ॅक्यूट केअर प्रौढांचं केलं तर सर्दी-खोकल्याचं पाच वर्षांचं पोर मला कधीच बघता येणार नाही. हे प्रवेशाआधी मला माहीत असायला हवं होतं, आणि ते लपवलेलं मुळीच नव्हतं. मी वाचलं नव्हतं.

मग मी ठरवलं की अर्ज नंतर, आधी बघून यायचं. ओळखी काढून, हॉस्पिटलच्या परवानगीने, मी निरनिराळ्या लोकांबरोबर दिवस काढले.

पहिला दिवस ह्यूस्टनजवळच्या पासाडीनाच्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये, एका एफएनपीबरोबर. दिवसभरात बावीस पेशंट. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, एका मुलीची शाळेची तपासणी, स्पॅनिशमध्ये भरभर चाललेल्या गप्पा. एका गृहस्थांची साखर आठ महिन्यांत किती खाली आली हे ती त्यांना आलेख काढून दाखवत होती आणि त्यांची बायको मागे उभी राहून डोळे पुसत होती. असे पेशंट मला आयसीयूत भेटतात ते किडन्या गेल्यावर. त्या बाईच्या कामाबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून फार आदर आहे. पण दर पंधरा मिनिटांनी दार बंद करून पुढच्या खोलीत जाताना मागचा माणूस अर्धा राहिला असं मला वाटत राहिलं. आणखी एक गोष्ट तिथे कळली. कॅन्सरच्या एका बाईंना दुखण्यावर तीव्र गोळ्या हव्या होत्या, त्या एफएनपीला लिहिता येईनात, डॉक्टरची वाट बघावी लागली. टेक्सासात नर्स प्रॅक्टिशनरला औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि शेड्यूल टू वर्गातली, म्हणजे व्यसन लागण्याचा मोठा धोका असलेली, औषधं हॉस्पिटलमध्ये किंवा हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या, पेशंटसाठीच लिहिता येतात. 2014मध्ये हायड्रोकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्याही त्याच वर्गात गेल्या. शेजारच्या न्यू मेक्सिकोत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे क्लिनिक चालवते. स्पेशालिटी निवडताना आपण राहतो त्या राज्याचा कायदा वाचायला हवा, हे मला त्या बाईंच्या ताटकळण्यातून समजलं.

मानसिक आरोग्याचा विचार मी सगळ्यात जास्त दिवस केला. मागणी मोठी, घरून व्हिडिओवर काम करता येतं, हे तर होतंच. पण आपल्या लोकांचंही एक कारण होतं. गणपतीत मंडळात भेटणाऱ्या कितीतरी काकू, मावश्या मला बाजूला घेऊन बोलतात. झोप येत नाही, दिवसभर घरात एकटीच असते, लेकाला सांगवत नाही. इंग्रजीत हे सगळं डॉक्टरपुढे मांडता येत नाही त्यांना. मराठीत ऐकून घेणारं कुणीतरी इथे हवं आहे, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तरी मी ती वाट घेतली नाही. स्वतःशी खरं बोलायचं तर मला त्यातल्या वेळा आवडल्या होत्या. ते काम ज्यांना आतून हवं आहे अशांनी करावं, इतकं नाजूक ते आहे. काकूंशी मी अजून बोलते, आणि गरज दिसली तर योग्य ठिकाणी नेऊन पोचवते.

आणि मग ती रात्र. आमच्याच नर्स प्रॅक्टिशनरबरोबर, पण मी त्या रात्री ड्यूटीवर नव्हते, नुसती तिच्या मागे. दोनच्या सुमाराला इमर्जन्सीतून एक आजोबा आले, सेप्टिक शॉक, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गाने रक्तदाब कोसळलेला, प्रेशर साठाच्या खाली. तिने आर्टिरियल लाइन (धमनीत नळी) टाकली, रक्तदाब वाढवणारे व्हासोप्रेसर सुरू केले, अँटिबायोटिक बदललं, आणि चार वाजता त्यांच्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसली. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, आजोबांनी कधी काही बोलून ठेवलं होतं का, हे ती विचारत होती. मध्ये बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि तिने ती शांतता तशीच राहू दिली. इतकी वर्षं अशा वेळी मी फोन उचलून परिस्थिती सांगितली होती आणि ऑर्डरची वाट बघितली होती. त्या खुर्चीत मला बसायचं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, रात्रपाळ्या सुटणार नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मुलीला सकाळी मी सोडत जाईन."

त्यानंतर कॉलेज निवडणं तुलनेने सोपं गेलं, कारण काय विचारायचं ते कळलं होतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीसीएनई या संस्थेची मान्यता आहे ना, हा पहिला प्रश्न, त्याशिवाय पुढे बोलायचंच नाही. दुसरा, प्रिसेप्टर कोण शोधणार, आणि ते मला लेखी द्याल का. या प्रश्नावर फोनच्या पलीकडे जी गडबड उडायची तिच्यावरूनच मी तीन नावं खोडली. तिसरा, क्लिनिकल तास किती. 2022मध्ये राष्ट्रीय निकषांत किमान तास 500वरून 750 झाले होते, तेव्हा जे कॉलेज अजून पाचशेच्याच गोष्टी करत होतं तिथे मी थांबले नाही. डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) करावं की एमएसएन (मास्टर्स), यावर मी फार डोकं शिणवलं नाही. परवाना दोन्हींवर मिळतो, आणि मला तेव्हा एमएसएन परवडत होतं. राज्य विद्यापीठाचा अर्धवेळ प्रोग्रॅम, आणि हॉस्पिटलकडून वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत मिळणारी करमुक्त शैक्षणिक मदत, असं गणित बसलं.

अर्ज नर्सिंगकॅस या नर्सिंग प्रवेशाच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरला. भारतातल्या गुणपत्रकांसाठी भाऊ सांगलीहून नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठात जाऊन आला. ती सीलबंद पाकिटं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे जातात आणि मग त्यांचे इथल्या मापाने गुण काढले जातात. भारतात शिकलेल्यांनी याला किमान चार महिने धरावेत, माझ्या हातात जेमतेम तेवढेच होते. मधल्या काळात मी सीसीआरएन, म्हणजे गंभीर पेशंटच्या शुश्रूषेच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली. तिला बसायला दोन वर्षांत 1,750 तास गंभीर पेशंटची शुश्रूषा केलेली असावी लागते, त्यातले 875 शेवटच्या वर्षात. ते तास माझ्याकडे होते, फक्त मी कधी अर्जच केला नव्हता.

निवेदन मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन मसुद्यांत सेवाभाव, लहानपणीचं स्वप्न वगैरे होतं. चेचीने वाचलं आणि म्हणाली, "यात तू कुठे आहेस?" तिसऱ्यात मी ती चार वाजताची खुर्ची लिहिली. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न आला: पेशंटची इच्छा आणि मुलीची इच्छा वेगळी निघाली असती तर काय केलं असतंस? मी म्हटलं, आधी आजोबांनी काय सांगून ठेवलं आहे ते शोधलं असतं, आणि मुलीला घाई केली नसती. उत्तर बरोबर होतं की नाही, कुणी सांगितलं नाही. एप्रिल 2023मध्ये प्रवेशाचं पत्र आलं.

प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, शारीरिक तपासणी या विषयांची तीन सेमिस्टरं कठीण गेली. रात्रपाळीनंतर अभ्यास होत नाही, हे मी पहिल्या महिन्यातच मान्य केलं आणि पाळ्या कमी केल्या. पगारात फरक पडला. दिवाळीला सांगलीला जायचं दोनदा राहिलं. आई फोनवर काही बोलली नाही, चकल्या पाठवल्या.

क्लिनिकलचं पहिलं रोटेशन आयसीयूत झालं. दुसरं हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त भरती असलेले पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांच्या, टीमबरोबर आहे, आणि त्याचं पत्र कॉलेजकडून तीन महिने आधीच आलं. प्रिसेप्टरचं नाव, हजर राहायची वेळ, ओळखपत्र कुठे मिळेल, सगळं त्यात आहे. गाडी कुठे लावायची तेसुद्धा लिहिलंय.