टू च्या पुढे काय येतं?

शाळेला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि पहिल्या आठवल्या त्या आमच्या इंग्रजीच्या बाई आणि त्यांनी आठवीत शिकवलेला इन्फिनिटिव्ह. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, आम्ही त्याच्या आधीचे, एबीसीडीच पाचवीत, त्यामुळे ग्रामर म्हटलं की अख्खा वर्ग गार.

बाईंनी व्याख्या नंतर दिली. आधी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, 'आय स्टॉप्ड टू ईट भेळ' आणि 'आय स्टॉप्ड ईटिंग भेळ', आणि विचारलं, भेळवाल्याचा धंदा कुठल्या वाक्यात होतो? नुसता कल्ला झाला वर्गात. मग त्यांनी उलगडून सांगितलं, पहिल्यात मी चालता चालता थांबले, कशाला तर भेळ खायला, आणि दुसऱ्यात भेळ खाणंच सोडलं. हा 'टू ईट' म्हणजे इन्फिनिटिव्ह, कर्ता कोणीही असो, काल असो की उद्या, ईट चं ईटच राहणार, म्हणून 'ही वॉन्ट्स टू गो' मध्ये एस लागला तो वॉन्टला, गो तसाच. इतकं स्वच्छ मला नंतर कुठल्याच गाईडमध्ये सापडलं नाही.

परीक्षेत दोन ओवाला टू, म्हणजे 'टू टायर्ड टू वॉक' मधला पहिला, काढून वाक्य बदला असं यायचं, सो दॅट घातलं की मार्क. बाई तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. कॅन, मस्ट च्या पुढे टू येत नाही, लेट आणि मेक च्या पुढेही नाही, 'शी मेड मी क्लीन द बोर्ड', पण तेच पॅसिव्ह केलं की 'आय वॉज मेड टू क्लीन द बोर्ड', गेलेला टू परत येतो! हे पेपरात येवो न येवो, त्या शिकवणारच.

आणि टू दिसला की लगेच इन्फिनिटिव्ह म्हणायचं नाही, त्याच्यापुढे एखादं नाम ठेवून बघायचं. 'लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप' बसतं, म्हणजे तो टू प्रिपोझिशन, पुढे क्रियापद घातलं तर आयएनजी लावा. 'वॉन्ट टू द ट्रिप' बसत नाही, म्हणजे तिथे मूळ रूप. आज ऑफिसात नवीन मुलं मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' लिहितात तेव्हा मी त्यांना शेजारी बसवून हीच ट्रिपची युक्ती दाखवते, आणि ती आमच्या बाईंची आहे हेही सांगते.