वरुड ते हिंगणा एमआयडीसी आणि परत: थारला साइड रेल बसवून आणल्याचा वृत्तांत

आमची संत्र्याची बाग वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. गावातून बागेपर्यंत तीन किलोमीटर पांदण. पहिले दोन किलोमीटर काळी माती, शेवटचा एक नाल्याकाठचा, नुसत्या धोंड्यांचा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी मातीत चाकोऱ्या पडतात आणि पाऊस उघडला की त्या विटेसारख्या टणक होतात. मग एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी तिरपी गाडी काढावी लागते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अशीच तिरपी चाललेली थार नाल्याच्या उतारावर घसरली आणि डाव्या दाराखाली धोंडा आला. त्या बाजूला दुकानातून घेतलेलं चकचकीत पायदान होतं. ते वाकून वर गेलं आणि दाराखालचा पत्रा धोंड्याने नाही, त्या पायदानानेच आत दाबला. दार उघडेना. डाव्या सीटवर आई होती. तिचे गुडघे दुखतात. तिला गिअरच्या दांड्यावरून माझ्या बाजूने उतरवायला पंधरा मिनिटं लागली. त्या दिवशी ठरवलं की पत्रा सरळ करून पुन्हा तसलंच पायदान लावायचं नाही.

पायदान आणि साइड रेल लांबून सारखेच दिसतात, आणि दुकानात दोन्हींना ‘साइड गार्ड’च म्हणतात. फरक गाडीखाली वाकल्यावर कळतो. पायदानाच्या पट्ट्या पातळ असतात, बऱ्याचदा बॉडीच्या पत्र्याला धरलेल्या. माणसाचं वजन पेलण्यापुरतीच त्यांची ताकद. रेल चॅसीला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, धरलेली असते आणि तिच्यावर अख्ख्या गाडीचा भार येणार हे धरूनच बनवलेली असते. थार, बोलेरो, गुरखा, जिम्नी या गाड्यांना बॉडीपासून वेगळी, शिडीसारखी लॅडर चॅसी आहे, म्हणून त्यांना अशी रेल लावता येते. बहुतेक नव्या एसयूव्हींची चॅसी आणि बॉडी एकच असते; तिथे हा वृत्तांत कामाचा नाही.

तयार जोडी मागवायची की बनवून घ्यायची, यात चार दिवस गेले. तयार रेल गाडीच्या मापाने येते आणि बोल्टही सोबत मिळतात. पण मी नागपुरात पाहिलेल्या दोन जोड्यांच्या पाइपची जाडी दुकानदाराला सांगता आली नाही, आणि टोकं बंद असल्यामुळे मलाही मोजता आली नाही. ज्या वस्तूची जाडी कळत नाही तिच्यावर आईला बसवून नाला उतरायचा नाही, एवढं माझं पक्कं होतं. म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे काम दिलं. ट्रॉल्या आणि टँकरचे सांगाडे बनवणारा माणूस आहे, चॅसी म्हणजे काय हे त्याला कळतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी पहाटे निघालो. वरुड, जलालखेडा, काटोल, कळमेश्वर या रस्त्याने नऊच्या आधी नागपूर. आधी इतवारीतल्या लोहाओळीत गेलो, कारण पाइप स्वतः घ्यायचा होता. हा भाग नीट वाचा, पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे येणारा ४० मिलिमीटर बोअरचा (म्हणजे आतल्या पोकळीच्या अंदाजे मापाचा) पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. ए, बी आणि सी असे तीन क्लास, बाहेरून माप एकच, फरक जाडीचा: ए २.९, बी ३.२ आणि सी ४ मिलिमीटर. ओळखायला रंगाचे पट्टे असतात. पिवळा म्हणजे ए, निळा म्हणजे बी, लाल म्हणजे सी. मी लाल पट्ट्याचा घेतला. पट्टा पुसलेला असेल तर वजन करा. सी क्लासचा एक मीटर पाइप सुमारे ४.४ किलो भरतो, बी क्लासचा साडेतीनच्या थोडा वर. दुकानात काटा असतोच. जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात ठेवा आणि कापलेल्या तोंडाशी माप घ्या. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान शेजारीच आहे.

प्लेटसाठी ६ मिलिमीटरचा पत्रा घेतला. बोल्ट एम १२ (१२ मिलिमीटर जाडीचे), डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेले, आणि सोबत नायलॉन घातलेले नट. डोक्यावर आकडा नसलेले बोल्ट स्वस्त मिळतात, ते या कामाला घेऊ नका.

शेडमध्ये पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरून पाहिलं आणि म्हणाले, “होल मारून देतो ना भाऊ, पाच मिनिटाचं काम हाय.” मी नको म्हटलं. चॅसीला कंपनीने पाडलेली होलं असतात, त्यांतच बसवायचं. नवीन होल, तेही वरच्या किंवा खालच्या बाजूला, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथेच चॅसी कमजोर करणं. वेल्डिंगही चॅसीला लावू दिलं नाही. “मंग टाइम लागन,” मिस्त्री म्हणाले. लागू द्या म्हटलं. नंतर त्यांनीच पुठ्ठ्याचा साचा कापून प्रत्येक होलाचं माप घेतलं, आणि ते काम इतकं मन लावून केलं की मी मधे बोलणं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र मला आधी माहीत नव्हती, ती त्यांनी दाखवली. चॅसीचा बार डब्यासारखा पोकळ असतो. बोल्ट एका भिंतीतून घुसून दुसऱ्या भिंतीतून निघत असेल आणि तसाच करकचून आवळला, तर दोन्ही भिंती आत दबतात. तिथे बोल्टभोवती आतून नळीचा तुकडा घालावा लागतो, म्हणजे भार त्या नळीवर येतो. आमच्याकडे असे दोन बोल्ट होते, दोन्हींना नळी घातली. तुमच्या मिस्त्रींना हे आधी विचारा. त्यावरून माणूसही कळतो.

रचना साधी ठेवली. दोन पाइप समांतर, बाहेरचा आणि आतला, मधे आडवे तुकडे. चॅसीकडे जाणारे चार पाय, प्रत्येकाच्या टोकाला ६ मिलिमीटरची प्लेट आणि पाय-प्लेटच्या कोनात तिकोनी पट्टी. बाहेरची बाजू जराशी वर उचललेली, म्हणजे दरडीला घासताना गाडी बाहेर ढकलली जाते. सगळं वेल्डिंग सीओटू गॅसचं, गाडीपासून लांब, टेबलावर. गाडीवर धरून रेलच्या तुकड्यांना फक्त टाचणी (जागेवर पकडायला वेल्डिंगचा टिपका) मारायची वेळ आली तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. हे विसरू नका, इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. पाइपची टोकं बंद केली आणि खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक होल ठेवलं. टोकं उघडी राहिली तर काळी माती आत भरते आणि पाइप आतून कुजतो.

बसवताना चार ठिकाणी हात घालून पाहा: ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग आणि सायलेन्सर. प्लेटच्या मागे कोणतीही नळी चेमटता कामा नये आणि सायलेन्सरपासून दोन बोटं तरी अंतर हवं. रेल चॅसीच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबू देऊ नका, नाहीतर २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आपल्याच हाताने घालवाल. रेल आणि दाराखालचा पत्रा यांत आम्ही २८ मिलिमीटर जागा सोडली, कारण बॉडी रबरावर बसलेली असते आणि हलते.

मग खरी परीक्षा. रेलच्या मधोमध जॅक लावून डावी दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. फट मोजली: २८ ची २५ झाली. गाडी खाली घेतली, पुन्हा २८. मिस्त्रींनी टेप दोनदा लावून खात्री केली आणि पहिल्यांदा हसले. ही परीक्षा शेडमध्येच करून घ्या, पैसे देण्याआधी. रेल वाकली तर तिथेच दुरुस्त होते, नाल्यात नाही.

रंगाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण धोंड्याने टवका उडाला की कडेने पाणी आत शिरतं आणि गंज कोटिंगखाली पसरतो. घरी बसून ते दुरुस्त होत नाही. मी खाली रेड ऑक्साइडचा प्राइमर आणि वर काळा इनॅमल मारला. टवका उडाला की घासायचं आणि ब्रशने पुन्हा लावायचं. दर पावसाळ्यानंतर अर्ध्या तासाचं काम.

खर्च: लोखंड आणि बोल्ट ४,८००, मजुरी ७,५००, रंग ६००. पक्कं बिल घेतलं, कारण विमा कंपनीला ईमेल करून त्याची प्रत जोडायची होती. जोडीचं वजन ४७ किलो भरलं, म्हणजे संत्र्यांचे दोन कॅरेट कमी, हा हिशोब बागवाल्यांनी धरावा. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्ड यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. माझी रेल टायरच्या रेषेच्या आत आहे, टोकं गोल आहेत आणि बोल्ट खोलले की गाडी पूर्ववत होते. तुम्ही काम देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारून घ्या.

नागपूरहून निघायला संध्याकाळचे सात वाजले. काटोलला चहा घेताना पाना लावून सगळे बोल्ट तपासले. एम १२ च्या ८.८ बोल्टला आवळताना सुमारे ८० न्यूटन मीटर पिळाचा जोर लागतो, म्हणून तो मोजणारा टॉर्क पाना मिस्त्रींकडूनच उसना आणला होता. सगळे जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी पांदण. गाडीत मुद्दाम एकटाच बसलो, आईला नेलं नाही. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर), पहिल्या गिअरला, धाकटा भाऊ पुढे चालत हाताने दाखवत होता. त्याच धोंड्याशी गाडी पुन्हा घसरली. कर्रर्र आवाज झाला, गाडी रेलवर टेकली, हातभर सरकली आणि खाली उतरली. उतरून पाहिलं: रंग गेला होता, पत्र्याला काही नव्हतं, दार एका बोटाने उघडलं. एक सांगून ठेवतो. रेल आली म्हणून धोंडा पोटाखाली घ्यायचा नसतो. चाक धोंड्यावर ठेवायचं, रेल फक्त चुकलं तर. आणि नदीच्या पात्रात किंवा जंगलाच्या हद्दीत गाडी घालून रेल तपासायला जाऊ नका. सालबर्डीकडच्या डोंगरात असे टायरचे माग दिसतात तेव्हा वाईट वाटतं. आपल्या शेताच्या पांदणीत हौस भागते.

आंबिया बहाराच्या संत्र्यांची सगळी तोडणी या रेलवर झाली. शंभर किलोमीटरला बोल्ट पाहिले, ठीक. पाचशेला पाहिले तेव्हा डाव्या बाजूचा मागून दुसरा बोल्ट पाव फेरा फिरला. तो आवळून नटावर आणि प्लेटवर पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ मारली, आता पाना न लावता नुसतं वाकून कळतं की रेघ जुळते का. आई आता गाडीत बसण्याआधी रेलवर पाय ठेवते, एकदा दाबून बघते आणि मगच चढते.